शिळ्या म्हावऱ्यावर ताजा बर्फ

मुलांनो, यमुनाबाई कल्याणच्या एका दवाखान्यात मदतनीस आहेत आणि आमच्या शेजारी राहतात. काल दुपारी चहाला आल्या तेव्हा म्हणाल्या, तुमच्या नातवंडांना पत्रं लिहिता ना, एकदा माझं पण लिहा. त्या बोलत गेल्या तसं लिहून घेतलं आहे. विरामचिन्हं तेवढी माझी.

मी मोठागावची, डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीवर आमचं घर, बाप होडीवर जायचा आणि आय टोपली घेऊन बाजारात बसायची, मी सातवीपर्यंत शिकले ती पण कशीबशी, बाकी सगळं शिकले ते आयच्या टोपलीपाशी. म्हावऱ्याचा, म्हणजे मासळीचा, कल्ला उघडून बघायचा, लाल असला तर आजचा, काळपट पडला तर कालचा, त्यात फसवाफसवी चालत नाही. पण काही बाया संध्याकाळी काय करायच्या, शिळ्या म्हावऱ्यावर ताजा बर्फ पसरायच्या, गिऱ्हाइकाने हात लावला की थंडगार, बिचारा खुशीत घरी न्यायचा. आय त्यांना भर बाजारात शिव्या घालायची. आमचा माल राहिला की स्वतःच ओरडायची, बाय शिला हाय गो, उगाच माझ्या नावाने बोटं मोडशील. लोक हसायचे, पण माल तिच्याकडूनच घ्यायचे.

लग्न कल्याणात झालं, दोन मुली झाल्या आणि नवरा कावीळ होऊन गेला. मग मी दवाखान्यात रोजंदारीवर लागले. झाडायचं, पुसायचं, सुया उकळायच्या, आणि लस द्यायचा दिवस असला की सिस्टरबरोबर जायचं. पोलिओच्या थेंबांच्या बाटल्या मोठ्या तोंडाच्या थर्मासात, बर्फात असायच्या. सिस्टर पहिल्या दिवशीच बोललेली, यमुना, बर्फ गेला की औषध मेलं, मग परत आणायचं, कोणाला पाजायचं नाही. मला हसू आलेलं, कोळणीला बर्फ शिकवतेय.

त्या दिवशी, काय सांगू तुम्हाला, मे महिना, मोहन्याच्या एका चाळीत थेंब पाजायचे होते. सिस्टर बाळंतिणीला बघायला पुढे गेलेली, थर्मास घेऊन मी एकटी बसने निघाले, बस मध्येच बंद पडली, दुसरी येईना, शेवटी उन्हात चालत गेले. थर्मासच्या झाकणाचं रबर तुटलेलं, ते मला माहीत होतं, चालेल म्हणून गेलेले. चाळीत पोचून उघडून बघते तर नुसतं पाणी, आणि पाणी पण कोमट.

समोर बाया बसलेल्या, पोरं रडतायत. एक शोभा म्हणून होती, नवरा तिथल्याच कारखान्यात, मांडीवर चार महिन्यांची मंदा. ती बोलली, मावशी, दोन थेंबांसाठी दोन तास बसवलंत, आमच्या लग्नात नवऱ्याने पण एवढी वाट बघायला लावली नव्हती. सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण माझं लक्ष बर्फाकडे. आदल्याच आठवड्यात बाटल्या फोडल्या म्हणून एका बाईला काढलेलं, आणि मला कायम करायचा कागद नुकता वर गेलेला. नाक्यावर एक मासेवाली बसलेली, तिच्याकडून बर्फ मागून आणला, नळाखाली धुतला आणि थर्मासात भरला, बाटल्यांच्या वर, खाली, चारी बाजूंनी.

सिस्टर आली, थर्मासात हात घातला आणि बोलली, शाब्बास गं, कोळणीच्या हाताला बर्फसुद्धा घाबरतो. मध्ये वितळला नाही ना? मी बोलले, नाही.

एवढंच बोलले, आणि सिस्टरने सगळ्या पोरांना थेंब पाजले, मंदाला पण. बाटलीला कल्ला नसतो हो, वास पण येत नाही.

पाऊस सरला आणि शोभा मंदाला घेऊन दवाखान्यात आली. पोरीला ताप येऊन गेलेला आणि डावा पाय लोंबत होता. शोभाच्या हातात कार्ड, तिन्ही वेळा थेंब दिल्याच्या खुणा. डॉक्टरांना दाखवत होती, बघा ना, एक पण चुकवला नाही मी. डॉक्टर बोलले, होतं असं कधी कधी, तीन वेळा देऊन पण एखाद्या पोराला लागू पडत नाही. मी तिथेच लादी पुसत होते, एकच लादी, परत परत. मध्ये कधीतरी मी कायम झाले, पेढे वाटले. पुढे कल्याणात कधी शोभा दिसली की मी रस्ता बदलायचे.

मग नव्वदनंतर ते रविवारचे बूथ निघाले, सगळ्या लहान पोरांना एकाच दिवशी थेंब. मला मोहने मिळालं. तिथल्या समाजमंदिरात टेबल लावलेलं, पेटी उघडली तर बर्फाच्या पिशव्या पार पाणी झालेल्या. मी झाकण लावलं आणि बोलले, दुसरी पेटी येईपर्यंत कोणाला काही मिळणार नाही. रांगेतून एक जण ओरडला, ए मावशी, थेंब द्यायला बसलीस की पापलेट विकायला? त्याच रांगेत शोभा होती, कडेवर धाकटा, बाजूला मंदा, तेरा वर्षांची, पायाला पट्ट्यांचा लोखंडी बूट. शोभा पुढे आली, झाकण उचलून पेटीत हात घातला आणि बोलली, दे ना गं, थंड तर आहे.

मी बोलले, तेव्हा पण थंडच होतं, शोभा.

आणि मग सगळं बाहेर आलं, बस, झाकण, मासेवाली, सिस्टर, सगळं, सगळ्यांच्या देखत.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बोलली, तेव्हा नोकरी वाचवलीस ते समजलं. पण नंतर गुपचूप येऊन एवढं सांगायचं होतंस, की पोरीला परत घेऊन ये. मी दहा वेळा आणली असती. मला कुठे थेंब मोजायचे होते?

दुसरी पेटी तासाभराने आली, शोभाने धाकट्याला पाजून घेतलं आणि गेली. त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी बोललेली नाही. डॉक्टरांना मी मागाहून विचारलं, त्या एका वेळेमुळेच झालं का? ते बोलले, कोणी सांगू शकत नाही. मला पण नाही सांगता येत. झोप लागते, पण पुरत नाही.

मंदा मात्र येते. प्रत्येक बूथच्या दिवशी, थेंब सुरू व्हायच्या आधी, फरशीवर तिच्या बुटाचा आवाज येतो, मी उठून उभी राहते. ती झाकण उघडते, पिशव्या एकेक दाबून बघते, झाकण लावते, बोलते, चालू कर मावशी. मग मी पहिलं पोर जवळ घेते. तिने मला माफ केलंय की पहाऱ्याला येते, मी विचारत नाही.

आता गुडघे दुखतात, पुढच्या वर्षी सुटेन. तुमची नातवंडं तिकडे धावत असतील, धावू देत, पडू देत, गुडघे फुटू देत, पाय धड राहोत त्यांचे. लिहा त्यांना. उद्या बूथचा रविवार आहे. सातला पेटी येते, साडेसातला मंदा.