तुमी आधी बोला

हसणार नसला तर सांगतो. कडेगावात घरी मी एकटाच, म्हणून लांबच्या माणसांशी बोलायला कॉम्प्युटरला जोडायचा नवा रेडिओ घेतला. जुन्या सेटवर एकतर बोलायचं, न्हाईतर ऐकायचं. ह्यात दोन्ही एकदम होतं. त्यासाठी गच्चीवर दोन अँटेना लावल्या, एक बोलायची, एक ऐकायची.

पहिल्याच दुपारी हाक दिली, "कोण हाय का?" तर माझ्या बोलण्यावरच बारीक आवाजात दुसरं कोणतरी बोलायला लागलं. आमा रेडिओवाल्यांची रीत हाय, दुसरा बोलतोय म्हटल्यावर आपण थांबायचं. मी थांबलो. त्योबी थांबला. मी म्हटलं, "तुमी आधी बोला." त्योबी म्हणतोय, "...आधी बोला." अर्धा तास आमचं हेच!

शेवटी कराडच्या कॉलेजातल्या ओळखीच्या मास्तराला फोन लावला. त्यो म्हणाला, "आवं काका, तुमचाच आवाज हाय त्यो. दोन्ही अँटेना शेजारी लावल्यात, म्हणून तुमचं बोलणं जरा उशिरानं तुमालाच ऐकू येतंय. एक गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या."

नेली. आवाज गेला. आठवडाभर हाका मारल्या, तर नुसती खरखर.

काल मास्तराचाच फोन. "काका, आता क्लिअर हाय न्हवं?"

"लय क्लिअर," म्हटलं. फोन ठेवला, गच्चीवर गेलो आणि अँटेना परत जुन्या जागी आणून लावली.