गाळातली व्हीलचेअर

तुम्ही आपले म्हणून सांगतो, घरी अजून सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात गोदावरी आटली, तेव्हा मी अन् माझा मित्र सुभाष नांदेडच्या काठानं फिरत होतो. गाळात एक व्हीलचेअर रुतलेली दिसली.

सुभाष हसला, "कोन येडा टाकून गेला रे?"

मी नजर दुसरीकडं वळवली. वडील गेल्यावर, मेलेल्या माणसाची वस्तू घरात नको म्हणून, मीच ती पुलावरून टाकली होती.

कपडे धुणारी एक बाई जवळ आली. "दादा, ही घेऊ का? माझी सासू दोन वर्सं झाली, अंगणात सरपटून राहिली."

तिघांनी मिळून खुर्ची उपसली. चाकं गंजून जाम झालेली, हलेचनात.

"असू द्या, बसायला तरी व्हईल," बाई म्हणाली. "टाकणाऱ्याचं देव भलं करो."

सुभाषनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघून चिखल झटकत राहिलो.