कुरवंड्याचा यूपीएस

चांगला चाललेला माल परत करायला आलेलं गिऱ्हाईक पाहिलंय कधी? मी पाहिलंय, आमच्या लोणावळ्याच्या दुकानात.

जवळच्या कुरवंडे गावातल्या एका मावशींचा मुलगा पुण्यात असतो. त्याचा फोन आला, "काका, गावात लाइट सारखी जाते. आईकडचा वायफाय आणि कॅमेरा बंद पडायला नको." मी दोन्हीला पुरेल असा छोटा यूपीएस बसवून दिला.

आठवड्यात मावशी तो घेऊन दुकानात हजर. "ह्यो डबा परत घ्या."

"बिघडला का?"

"न्हाई वं, लय झ्याक चालतोय."

"मग?"

"आदी लाइट गेली की क्यामेरा बंद पडायचा. लगीच पोराचा फोन यायचा, आई, बरी हाईस ना? आता मी त्याला सारखी दिसती. फोनच येत न्हाई."

डबा परत घेतला नाही, पण तो बंद करायचं बटण तेवढं दाखवलं.

परवा मुलगा फोनवर वैतागला. "काका, यूपीएस असून कॅमेरा रोज जेवणाच्या वेळेलाच कसा बंद पडतो?"

म्हटलं, "बाबा, त्याच्या आधी तू फोन करून बघ. नाही पडायचा."