गोटू जेवत नाहीये

—नाही हो भाऊ, चावत नाही तो. शेळी बांधा बिनधास्त. वास घेतोय फक्त. गोटू, बस इथं! बघा, बसला. माझंच ऐकतो—आमची बायको, छाया, त्याला रोज दूध-पोळी कुस्करून घालते, पण फिरायला निघायचं तर माझ्याचसोबत.

कुत्रा आमचा नाही तसा. पोराचा आहे, भूषणचा. तो पुण्याला असतो. कंपनीनं तीन महिने चेन्नईला धाडलं, तर ह्याला गाडीत घालून इथं आणून सोडला—आणि त्याच दिवशी परत. नीट जेवलासुद्धा नाही. मला राग आला, खरं सांगतो. पण मी कागद मिलमधून रिटायर, वेळच वेळ. सकाळी गावातल्या लालबागभर फिरायला लागलो आम्ही दोघं. केळीवाला ह्याला एक केळं सोलून देतो, हा सालासकट मागतो! दुपारी मी पेपर मोठ्यानं वाचतो, हा माझ्या पायावर डोकं ठेवून ऐकतो. छत्तीस वर्षं मिलमध्ये काढली, इतकं माझं कुणी ऐकलं नाही, भाऊ.

फक्त तो फोन. आधी भूषणचा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा. आता रोज, तोही व्हिडिओवर. मी उचलला की, "हां बाबा, गोटूला दाखवा." मी दाखवतो. गोटूचे कान, गोटूची नखं, गोटूनं शी केली का—मी मागून म्हणतो, अरे, माझा गुडघा लई धरतो रे आजकाल—तोवर "ठेवतो बाबा". जळतो हो मी. चौसष्ट वर्षांचा माणूस, आणि कुत्र्यावर जळतो! मागच्या साली माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा म्हणाला, छुट्टी नाही मिळत. छाया एकटी थेंब घालायची डोळ्यात.

मंग परवा मी म्हटलं, गोटू जेवत नाहीये. दोन दिवस झाले. बस, इतकंच म्हटलं. लगेच मिळाली छुट्टी! आज सकाळच्या गाडीनं येतोय.

काय झालंय ह्याला? … काही नाही झालं. आत्ताच दोन पोळ्या नि अंडं खाऊन आलाय. पण भूषण विचारेल ना, डॉक्टरला दाखवलं का—मंग हातात पर्चा नको? म्हणून बसलोय ह्या गुरांच्या दवाखान्याच्या लाइनीत. छायालाही हे खोटं ठाऊक नाही; तिला म्हटलं, सुई टोचायला नेतोय. तुम्ही कुणाला बोलू नका, हां.

—ती रिक्षा थांबली बघा. तोच आहे. छायानं धाडला असेल इकडे. किती वाळलाय पोरगा… भूषण! अरे, इकडे! थांबा, पट्टा सोडतो. जा गोटू, जा!

गेला. शेपूट हलवतोय. हात चाटला त्याचा. आता हा मला विसरला, बघा तुम्ही—

हे काय? परत आला. माझ्या चपलेवर बसला येऊन. अरे, तिकडे जा ना. भूषण खाली बसलाय मातीत, हाक मारतोय, हात तसाच पुढे धरून… त्याचा चेहरा बघा, भाऊ. नाही, नका बघू. मला ठाऊक आहे तो चेहरा—रोज फोन ठेवल्यावरचा.

कंपाउंडर बोलावतोय तुम्हाला. घ्या शेळी आत. घ्या म्हणतो ना.

गोटू, जा ना रे. जा त्याच्याकडे.