दोन्ही हातांत ट्रे

…आणि वर म्हणे, नर्सेसना आत्मविश्वास कमी! अहो, तुम्हाला सांगतो, माझी बायको वॉर्डात सिस्टर आहे, 'पालथे व्हा' म्हणाली की पैलवानसुद्धा मुकाट्याने पालथा होतो, तिला कसला कमी? मी आयुष्यभर कारकुनी केली, साहेबापुढे 'पण' हा शब्द कधी तोंडातून फुटला नाही. मोजायचाच असेल तर माझा मोजा ना!

झालं काय, हिच्या वॉर्डातले म्हातारे पेशंट पडायचे. बाथरूमला जाताना. उशाशी घंटी आहे, पण दाबतील तर शपथ! 'एवढ्यासाठी कशाला पोरींना त्रास?' म्हणत उठायचे आणि धाडकन खाली! एक आजोबा असे पडले, खुबा मोडला, ते परत उठलेच नाहीत. ही दोन दिवस जेवली नाही. मग ठरवलं, घंटीची वाटच बघायची नाही. जेवणाआधी, झोपण्याआधी प्रत्येकाच्या कानाशी जाऊन हळूच विचारायचं, 'आजोबा, जायचंय का?' पडणं जवळजवळ थांबलं! शेजारच्या वॉर्डात मात्र धाडधाड चालूच. आता याला संशोधन नाही म्हणायचं, तर काय टाइमपास म्हणायचं?

ही गेली मोठ्या डॉक्टरांकडे. 'सर, मला परिषदेत यावर निबंध वाचायचाय. माझ्या नावावर.' 'वा, सिस्टर, वा! फक्त मुख्य संशोधक डॉक्टरच लागतो हो, नियम आहे. माझं नाव घालू. तुम्ही आपली माहिती गोळा करा!' म्हणजे बघा, कळा हिने द्यायच्या आणि बाळाला नाव यांचं! निबंध गाजला, सर विमानाने जाऊन वाचून आले, हिला येताना चॉकलेट आणलं. एक. तेही वितळलेलं.

आणि नर्सेसना आत्मविश्वास कमी म्हणे!

म्हणून सरांनी कार्यशाळा ठेवली, 'नर्सेस संशोधनाला का घाबरतात?' स्टेजवर सगळे डॉक्टर. नर्सेस कुठे? ड्युटीवर! वॉर्ड काय खुर्च्या सांभाळणार? फक्त हिला बोलावलं… पुष्पगुच्छांचा ट्रे धरायला! मी रिकामटेकडा, शेवटच्या रांगेत बसलेला. शेवटी सर म्हणाले, 'कुणाला काही विचारायचं असेल तर हात वर करा.' हिच्या दोन्ही हातांत ट्रे! मी लांबून खुणा करतोय, ठेव गं खाली, ठेव! ही माझ्याकडे असे डोळे वटारते की मीच माझा हात खाली घेतला. आणि सर? 'बघा! एकही हात वर नाही! आत्मविश्वास… आत्मविश्वास कमी पडतो!' टाळ्या!

मग आली पाहणी, नर्सेसनी घरून भरून आणायचा छापील प्रश्नांचा कागद. 'तुम्ही स्वतंत्रपणे संशोधन करू शकता का?' हिने सरळ खूण केली, 'अजिबात नाही.'

'अगं, खोटं कशाला?'

'अहो, हो म्हटलं तर पुढचंही मलाच करावं लागेल, सरांसाठी. वॉर्डात मला आणखी एक गोष्ट दिसलीय. पण आता नाही सांगणार कुणाला.'

'मला तरी?'

'तुम्हालाही नाही.'

सांगितली नाही हो! अजून नाही! एवढी वर्षं संसार केला, पहिल्यांदा ही माझ्यापासून काही लपवतेय, तेही असलं!

पाहणीचा निष्कर्ष आला. नर्सेसना आत्मविश्वास कमी… आता सिद्धच झालं म्हणे! पुन्हा कार्यशाळा. सरांचा काल स्वतः फोन, 'सिस्टर, ट्रेला तुम्हीच या बरं का. तुमच्या हाती दिलेलं काही पडत नाही.'

इस्त्रीची साडी काढून ठेवलीय तिने.