तांबडीचा पाय

...आन् वर मलाच म्हणतात, ‘एवढं काय त्यात शालनबाई, कोंबडीच हाय की!’ अवो, कोंबडीच हाय, मला दिसत न्हाय व्हय? हत्ती हाय असं मी कुटं म्हटलं? पण रोज सकाळी डालगं उचलायच्या आदीच आतनं बोंब ठोकणारी आमची तांबडी, तरणीताठी तलंग, अजून पयलं अंडंबी घातल्यालं न्हाय, ती बघते तर अशी आडवी! एक पाय पुढं, एक पाय मागं, जणू गटारीवरनं उडी मारताना कुणीतरी तिचा फोटूच काढलाय... तुमाला सांगते, डालगं तसंच टाकलं आन् खालीच बसले!

उठवली, पडली. उठवली, पडली. तेवढ्यात भिंतीवरनं आमची शेजारीण चंद्रव्वा डोकावली, “अय्यो, येनायतु? काय झालं?” म्हटलं, पाय गेले. “दिष्ट लागली!” आता ही बाई अंड्याला शिवत न्हाय, पण कोंबडीची दिष्ट तिला बरोब्बर कळती! मीठ-मिरच्या घेऊन आली, ओवाळल्या, चुलीत टाकल्या. पाय काय हलला न्हाय, खोकला मात्र तिघींनाबी लागला. मग कोपऱ्यावरचा चिकनवाला न बोलवता हजर. तांबडीला उचलून “अरेरे, बिचारी” म्हणतोय आन् हातानं वजन करतोय! “मावशी, द्या हिकडं, कोंबडीच हाय की!” म्हटलं, ठेव खाली, आदी ठेव!

लेकाला फोन केला, हैदराबादला. सतीश म्हणतो, “आई, मी मीटिंगमध्ये हाय. कोंबडीच हाय की!” ठेवला.

मग काय, घातली पिशवीत आन् गेले जनावरांच्या दवाखान्यात. रांगेत पुढं म्हैस, मागं शेळी, मधी मी. म्हैसवाला माझ्याकडं असा बघतोय, जणू मीच आजारी हाय! डॉक्टरीणबाई मात्र चांगली, राजेश्वरी नाव, तरणी पोरगी. पंजा चिमटून बघितला, जखम बघितली, पोट चाचपलं, अंडं अडकलंय का म्हणून. मग मला म्हणती, “आजी, हिला खायला काय घालता?”

“भात.”

“रोज? नुसता भात?”

“मीबी तेच खाते की! एकटीसाठी कोण भाकरी थापतंय?”

तर ती कोंबडीकडं न बघता माझ्याकडंच बघाय लागली! म्हटलं, बाई, पाय हिचे गेल्यात, माझे न्हाय... मग सांगाय लागली. एक मरेक नावाचा रोग असतो म्हणे, त्याला औषध न्हाय, पिलू अंड्यातनं निघाल्या निघाल्या लस टोचली तरच. आन् दुसरं, अन्नात सत्त्व नसलं तरी पाय जातात, ते मात्र माघारी येऊ शकतात. “यातलं काय आहे ते आज सांगता येत नाही, आजी. बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. मऊ अंथरूण करा, ड्रॉपरनं हे व्हिटॅमिन पाजा, पाण्याची वाटी चोचीजवळ ठेवा, कोंबडीखाद्य घाला, हिरवा पाला घाला. आणि तुम्हीही भाकरी खात जा.”

वेगळी ठेवा म्हणजे कुटं ठेवू? एक खोली माझी! घेतली घरात. घमेल्यात पोतं अंथरलं, माझ्या खाटंजवळ ठेवलं. सकाळ-संध्याकाळ औषध पाजायचं, अंग दुखू नये म्हणून हिकडनं तिकडं वळवायचं. भाकरी थापाय लागले, चतकोर कुस्करून तिला, बाकी मला. आन् बोलायचे, दुसरं काय करणार? ह्यांचं सांगितलं, ते असताना घर कसं होतं, सतीश लहानपणी कसा पदर सोडायचा न्हाय... तर ती मान तिरकी करून ऐकायची! असं मान तिरकी करून माझं कुणी ऐकल्याला, तुमाला सांगते... जाऊ दे. कोंबडीच हाय की!

आन् गंमत बघा! नातीला, दीक्षाला, कुटनं तरी कळलं. रोज व्हिडिओ कॉल! “आज्जी, तांबडी दाखव!” मी मोबाईल घमेल्यावर धरायची. मागनं सूनबाई, “काय खाल्लं आज तिनं?” मागनं सतीश, “रंग उजळलाय की गं आई!” माझं तोंड दिसत न्हवतं, पण आवाज तर माझाच होता की न्हाय? चंद्रव्वाबी रोज शेवग्याचा पाला घेऊन यायची, दारात बसायची, दिवेलागणीपर्यंत उठायची न्हाय. एवढी माणसं ह्या खोलीत ह्यांच्या तेराव्यालाच आली होती! औषध पाजताना मनात यायचं, बरी हो गं बाय... पण सावकाश हो, घाई न्हाय.

तर ती कशाला ऐकती? एक दिवस पंजा हलवला. मग पोतं उकरलं. मग उभी राहिली, धडपडली, परत राहिली. मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच! आन् मग दार उघडं बघून जी गेली, थेट बाकीच्या कोंबड्यांत, धुरळ्यात लोळली, पंख झाडले... मागं वळून बघितलंबी न्हाय! म्हटलं, शालन, रडतीस काय? कोंबडीच हाय की.

घमेलं धुवून पालथं घातलं. दीक्षाची परीक्षा आली. चंद्रव्वा परत भिंतीवरनंच, “बरं हाय न्हवं?” म्हणून आत. फोन गप. किती दिवस वाट बघायची? काल मीच लावला.

सतीश म्हणतो, “काय झालं आई? दुसरी कोंबडी पडली का?”

“न्हाय रे. समद्या चांगल्या हायत.”

“तांबडी?”

“पळती की.”

“मग?”

आता ह्या ‘मग’ला काय उत्तर द्यायचं, तुमीच सांगा!  मग म्हटलं, “काय न्हाय बाबा... चुकून लागला.”