बाविसाव्या परळातलं डाळिंब

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, इंदापूर-बारामतीकडचे बागायतदार, रोपवाटिकेतले सहकारी, मागं सतरंजीवर बसलेल्या मायबहिणी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आज आपण जमलो ते आमचे हेडमाळी खाजाभाई बागवान, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी या रोपवाटिकेचा हेडक्लार्क. निरोपाला हेडक्लार्कनं चार शब्द बोलावेत असा रिवाज आहे, आणि ते चार शब्द मी दर वेळी लिहूनच आणतो. आजही खिशात कागद आहे. पण मघापासून माझं लक्ष या टेबलावर, हारांच्या मध्ये ठेवलेल्या झाडाकडं आहे. डाळिंबाचं झाड, उंची वीतभर, खोड पिळवटलेलं, शेंड्याला एकच लाल फूल. खरं सांगू? प्रास्ताविक चालू असताना मी मनानं त्याच्या सावलीत जाऊन बसलो होतो. सावली तरी केवढी, बशीएवढी. पण तिथं बसलं की भीमेवरचा वारा लागतो, कुठंतरी मोट चालल्याचा आवाज येतो, आणि कचेरी फार लांब राहते. अध्यक्षमहाराज, आपण बोलत होता आणि मी तिथं होतो, राग नसावा.

अशा झाडांना जपानात बोन्साय म्हणतात, असं गेल्या दिवाळीत पुण्याहून रोपवाटिका बघायला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं. खाजाभाईंना तो शब्द ठाऊक नव्हता. डाळिंबाच्या, पेरूच्या बुडाशी जे फुटवे येतात, ते आपण बागायतदार कापून बांधावर टाकतो. खाजाभाई तेच फुटवे मुळासकट काढून मातीच्या उथळ परळात लावत आले. त्यांच्या वडिलांची रीत ती. ते दुसऱ्यांच्या बागा खंडानं करायचे. परक्याच्या जमिनीत लावलेलं झाड परक्याचंच राहतं, म्हणून आपलं झाड उचलून नेता येईल असं ठेवावं, असं ते म्हणत.

तर त्या पाहुण्यांपुढं मला शहाणपण मिरवायची हुक्की आली. हे झाड साठ वर्षांचं आहे, असं मी छातीठोक सांगितलं. पाहुण्यांनी मान डोलावली. खाजाभाई परळात पाणी शिंपडत राहिले. चारचौघांत साहेबाला खोटं पाडायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. पाहुणे गेल्यावर मात्र ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, बुडखा बघून वय सांगू नगा. फुटवा आईच्या मुळाचा तुकडा घिऊन येतो, म्हून खाली जाड दिसतो. आन् उपाशी ठिवलेलं झाड लवकर म्हातारं दिसतं."

मग खरं वय कसं सांगायचं, असं मी विचारलं. झाड उचलून ते मला घरी घेऊन गेले. त्यांच्या कारभारीण सलिमाबी इथंच बसल्या आहेत, त्या साक्ष देतील. अंगणात मेंदीच्या कडेनं परळ पालथे घालून ओळीनं पुरलेले. दर दोन वर्षांनी मुळं छाटायची, नवा परळ घ्यायचा, जुना पालथा घालायचा. मी वाकून मोजले, एकवीस भरले. बाविसावा झाडाखाली. बाविसावा लागून नुकतंच वर्ष झालं होतं. म्हणजे झाड त्रेचाळीस वर्षांचं, यंदा चव्वेचाळीस. बारामतीला पहिली आगगाडी आली ती बघायला वडिलांनी त्यांना खांद्यावरून नेलं होतं, आणि परत आल्यावर त्याच हंगामात हा फुटवा त्यांच्या हातात दिला होता. सलिमाबींनी चहा ठेवला. खाजाभाई हसत म्हणाले, "तवा माझं म्होरलं दात पडलं हुतं."

मंडळी, मी कपबशी खाली ठेवली आणि बोटांवर हिशोब केला. पुढचे दात सातव्या वर्षी पडतात. सात आणि त्रेचाळीस किती होतात? पन्नास. यंदा एक्कावन्न. आणि आज त्यांना आपण साठ पुरी झाली म्हणून नारळ देतो आहोत.

हे साठ कुणी ठरवले? मी. बत्तीस साली, सव्वीस वर्षांमागं, ते कामाला लागले तेव्हा मी नवा कारकून होतो. जन्माचा दाखला नसला की माणसाकडं बघून वय लिहायचं, अशी तेव्हाची वहिवाट. खाजाभाई म्हणाले होते, "तुमीच बघून लिवा, साहेब." मी बघितलं. रापलेला चेहरा, कपाळावर आठ्या, खोल गेलेले डोळे. दोन वर्षं पाऊस नव्हता, घरात सगळ्यांना पोटभर मिळत नव्हतं, ते मी विचारलंच नाही. मी चौतीस लिहिले. माणूस पंचविशीचा होता.

त्या दिवशी अंगणातच मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी झाडाची माती दाबून सारखी केली. मग म्हणाले, "लिवलंय ते लिवलंय. पर साहेब, नऊ वर्सांत नवी डाळिंबं फळाला आली असती, ती बघितली असती." रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतरही मी कित्येक महिने तोंडाला कुलूप लावून बसलो, कारण चूक कबूल केली तर माझं सेवापुस्तकही उघडून त्यात ठपका लिहिला जाणार होता. याची मला लाज वाटते, आणि ती आज सर्वांसमक्ष सांगतो.

हल्ली झोपेत मला ते अंगण दिसतं. पालथे परळ एकेक करून सुलटे होतात आणि प्रत्येकात एक झाड उभं असतं. खाजाभाई झारी घेऊन फिरत असतात, तरणेताठे.

अध्यक्षमहाराज, निवृत्तीच्या कागदावर आपली सही अजून व्हायची आहे. माझ्या खिशात कागद आहे म्हणालो, तो भाषणाचा नाही. चुकीचं वय मी लिहिलं, असा माझ्या सहीचा कबुलीजबाब आहे. तो या परळाला टेकवून ठेवतो. नियम काय म्हणतो ते आपण जाणता, मी आग्रह धरू शकत नाही. फक्त सही करण्याआधी एकदा त्या अंगणात चलावं, एवढी विनंती.

आपण सर्वांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. लिहिण्यात जे झालं, त्याची माफी मात्र सभेकडं मागून भागणार नाही. खाजाभाई, ती मी तुमच्याकडं मागतो.